मुश्की बसत नाही

मागच्या अंगणात जानकीबाई मोठ्यानं हसत होत्या. भीमसेनराव पंचानं डोकं पुसत मागच्या दाराशी आले आणि ते हसणं मध्येच थांबलं. झालं ते एवढंच. जानकीबाईंच्या हातात भाकरीचा तुकडा होता. मुश्की क्षणापूर्वी त्यांच्याभोवती गिरक्या घेत असावा, कारण चुलीची टाकलेली राख अंगणभर उडाली होती. आता तो चारी पाय रोवून ताठ उभा होता आणि भीमसेनरावांच्या पायांकडं बघत होता. तोंडाकडं नव्हे, पायांकडं. जानकीबाईंनी पदर सारखा केला, ‘चहा ठेवते’ म्हणाल्या आणि आत गेल्या. आवाज पुन्हा रोजचा झाला होता. भीमसेनराव तिथंच राहिले. आपण एक शब्द बोललो नाही, हातात पंचाशिवाय काही नाही, तरी आपण आलो आणि या अंगणात चाललेलं काहीतरी बंद पडलं. बायको आणि कुत्रा, दोघंही एकाच वेळी गप्प झाले. याचं त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. त्यांनी कढत चहा घाईनं घेतला, जीभ पोळून घेतली आणि कोट चढवून ते कचेरीला निघाले.

गुलबर्ग्याच्या ब्रह्मपुरातून कचेरीची वाट पायांना पाठ होती, त्यामुळं डोकं मोकळं राहायचं. आणि आज मोकळं डोकंच नको होतं. नाव भीमसेन आणि अंगकाठी सुतळीची, यावरून लोकांनी त्यांना लहानपणापासून भरपूर हसून घेतलं होतं. तेव्हा कुणी आपल्याला भ्यावं ही गोष्टच त्यांना नवी होती. कचेरीत ते मुतर्जिम, म्हणजे भाषांतरकार. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली. पण उर्दूत लिहिलेले कागद कुठं जाणार? बांधाचे तंटे, वारसाचे अर्ज, ओढ्याच्या पाण्याची भांडणं, सगळं कपाटं भरभरून पडलं होतं आणि नव्या साहेबांना ते इंग्रजीत करून द्यायला भीमसेनराव होते. एखाद्या शब्दाचे दोन अर्थ निघत असले तर इथं कुठला धरायचा, हे विचारायला गुलबर्ग्यातले चांगले चांगले वकील त्यांच्या टेबलाशी उभे राहायचे. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो उगाच नव्हता. आता राज्याचे तुकडे होणार, हा भाग कानडीत जाणार, अशी बोलवा होती. या वयात कानडी शिकायची म्हणजे आता कुणाचा मार खायचा, असा विनोद ते स्वतःच करायचे.

मुश्की त्यांच्याकडं आला तो शेजारच्या घरातून. तिथं महबूबसाब राहायचे, जंगल खात्यातले पेन्शनर. हा कारवानी जातीचा कुत्रा, लांब तोंडाचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा, काळसर कस्तुरी रंगाचा, त्यांनी हातावर वाढवलेला. संध्याकाळी म्हातारा आणि कुत्रा दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसून रस्ता बघायचे. महबूबसाब वारले आणि त्यांची मुलगी खाजाबी आईला घेऊन हैदराबादला आपल्या घरी निघाली. तिथं माडीवरच्या दोन खोल्या, कुत्र्याला जागा नाही. टांग्यात चढायच्या आधी तिनं मुश्कीची दोरी भीमसेनरावांच्या हातात दिली. म्हणाली, ‘चचा, इसकू मारना नै. बस बोलना.’ तिचे डोळे भरले होते, टांगेवाला घाई करत होता. मारायचं नाही, नुसतं बोलायचं. भीमसेनरावांनी सवयीनं मनात मराठी करून टाकली आणि मान हलवली. बापाचा लाडका कुत्रा, पोरीचं मन हळवं. ते वाक्य त्यांनी तिथंच सोडून दिलं.

मुश्कीला खोड एकच. आनंद झाला की तो माणसाच्या अंगावर पुढचे दोन्ही पाय टाकायचा. घरमालकीण बसम्मा, वाळून खारीक झालेली म्हातारी, पुढच्या सोप्यात राहायची. एके दिवशी ती पाणी घेऊन येत होती आणि यानं प्रेमानं झेप घेतली. घागर फुटली, म्हातारी भिंतीला धरून कशीबशी सावरली. ‘ह्ये कुत्रं माणूस आलं की खाली बसाया पायजे. येत्या अमाशापत्तर शिकवा. न्हाई जमलं तर एक ते तरी जाईल, न्हाईतर तुम्ही तरी जाल,’ असं तिनं तिच्या कानडी वळणाच्या मराठीत सुनावलं. गंमत अशी की त्या बसम्मालाच तो भ्यायचा. गल्लीतून कुणी ‘बसम्मा!’ अशी हाक घातली की मुश्की असेल तिथं खांबासारखा उभा राहायचा. म्हातारीचा वचक आहे असं म्हणून सगळे हसायचे, भीमसेनरावही हसले होते.

हे सगळं त्यांनी गुंडेरावांच्या कानावर घातलं. गुंडेराव म्हणजे फौजदार, आणि बिदरच्या शाळेत एका बाकावर बसलेला मित्र. ‘तुला जनावर कळत न्हाई, भीमसेन,’ गुंडेराव म्हणाले. ‘जनावराला मार कळतो. बस म्हणायचं. न्हाई बसलं की एक ठिवून द्यायची. परत बस म्हणायचं. आपसूक बूड टेकतंय का न्हाई बघ. आन न्हाईच जमलं तर मला सांग, जीपमधी घालतो आन कडगंचीच्या रानात सोडून येतो.’ बोलून थांबले नाहीत, दुसऱ्या दिवशी तेल पाजलेली शिंदीची छडी घेऊन आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी अंगणात तेच चाललं होतं. ‘बस!’ भीमसेनराव म्हणायचे. मुश्की ताबडतोब थांबायचा, पण उभाच. ‘बस! बस म्हणतो ना!’ तो आणखी ताठ व्हायचा, शेपूट खाली, कान मागं, पण गुडघा वाकायचा नाही. मग छडी. पहिल्या छडीला तो केकटायचा. नंतर नंतर तेही बंद झालं. मार खातानाही तो जागचा हलायचा नाही, आणि हेच भीमसेनरावांच्या डोक्यात जायचं. पळाला असता तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण हा समोर उभा राहून, डोळ्याला डोळा न देता, बसत नव्हता. एवढा हट्ट त्यांनी माणसातसुद्धा पाहिला नव्हता.

कागदावर दौत ठेवून भीमसेनराव दुपारभर त्या हट्टाचा विचार करत राहिले. मारानं काही येत नाही असं कसं म्हणावं? भालकीहून बिदरला शिकायला आले तेव्हा उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, आणि शाळा सगळी उर्दूतून. उर्दू शिकवायला अच्युतराव मास्तर, घरी सोवळं नेसून पूजा करणारे आणि शाळेत शेरवानी घालणारे. घशातून काढायचा जो क असतो तो साध्या कसारखा निघाला की ते ‘हात पुढं’ म्हणायचे. भीमसेनला कलम म्हणता यायचं नाही. कलम या शब्दासाठी त्यानं किती मार खाल्ला! गुंडेरावनं तर त्याहून जास्त खाल्ला. पण आली ना उर्दू? उर्दू आली म्हणून नोकरी लागली, जानकीच्या बापानं मुलगी दिली, आज वकील टेबलाशी उभे राहतात. हा हिशेब त्यांनी आयुष्यात कितीतरी वेळा मांडला होता आणि दर वेळी तो जुळला होता. आज मात्र त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या कागदावर तो घशातला क आला, तेव्हा त्यांनी उजव्या हाताचा तळवा धोतराला पुसला. घाम नव्हता. ही पुसायची सवय जुनी असणार; आजवर लक्ष गेलं नव्हतं. त्यांनी तळवा उलटासुलटा करून पाहिला आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी जानकीबाईंना विचारलं, ‘सकाळी हसायला काय झालं होतं?’

‘काई न्हाई. आपलीच शेपटी धरायलं होतं ते.’

‘मग थांबलीस कामून?’

जानकीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी दोन खडे काढून बाजूला ठेवले. ‘तुम्ही आलाव म्हणून.’

‘मी काय वाघ हाय का? तुला कधी बोट लावलंय मी?’

‘न्हाई, कधी न्हाई. खोटं कशाला बोलू?’ त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘पर तुमच्या चपला दारात वाजल्या की हातातलं काम बरोबर हाय का न्हाई, ते मी बघते. लगीन झाल्यापासून बघायलेय. आता हातालाच सवय लागली.’ त्यात तक्रार नव्हती. दूध नासलं, पाणी आलं, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. भीमसेनरावांनी विषय कुत्र्यावर नेला. ‘अन् त्या मुश्कीला तू लाडावून ठेवलंयस. तुकडे टाकून जनावर शिकत नसतंय.’

‘माझ्याजवळ येतंय की. मी बोलावते, आलं की तुकडा देते. न्हाई आलं तर न्हाई देत. त्यात मारायचं काय हाय?’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘पर बसायचं मातर त्याला माझ्याजवळ बी कळंना. बस म्हणलं की दगडावानी हुतंय. आता तर थरथर कापायलंय. अमाशा परवावर आली. तुम्ही गुंडेरावला जीप आणायला सांगणार का?’ भीमसेनराव उठून हात धुवायला गेले. त्यांनी मनातून ठरवलं होतं, सांगायचं म्हणून. एवढं मारून जे बसत नाही ते बसणार नाही. आणि रोज संध्याकाळी अंगणात जाणं आता त्यांनाच नको वाटायला लागलं होतं. कुत्रं गेलं की ते टळेल, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी खाजाबी आली. दर्ग्याला आली होती, तिथून परस्पर इकडं. पुढच्या दारातून तिनं ‘चची’ म्हणायचा अवकाश, मागच्या अंगणातून मुश्की जो सुटला तो मधल्या दोन्ही खोल्या ओलांडून तिच्या अंगावरच. असा आवाज त्याच्या घशात आहे हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. लहान मूल रडावं तसा तो रडत होता, तिचा बुरखा, तिचे हात, हातातली प्रसादाची पुडी, सगळं चाटत होता. खाजाबी मागच्या मागं भिंतीला टेकली. हसतहसत, अगदी हलक्या आवाजात ती म्हणाली, ‘बस.’

मुश्की थांबला. एक पाय हवेत राहिला होता तो त्यानं सावकाश खाली ठेवला आणि ताठ उभा राहिला. ‘बैठो,’ खाजाबी म्हणाली, आणि मुश्की बसला. व्यवस्थित, मागचं अंग जमिनीला टेकवून, शेपूट पायांभोवती घेऊन बसला. तिनं पुडीतला बत्तासा त्याला दिला. ‘देखे चचा? अब्बा गये तो भी भूला नै. बस बोले तो जहाँ है वहीं रुकना, बैठो बोले तो बैठना. अब्बा कभी हाथ नै उठाये इसपे. जाते वखत मैं बोली थी ना तुमकू, मारना नै, बस बोलना. सुनता है ना तुम्हारी?’

बस बोलना. भीमसेनराव खुंटीवरच्या कोटाकडं बघत राहिले. उर्दूतलं बस म्हणजे पुरे, थांब. मराठीतही आपण तेच म्हणतो, वाढताना, दूध घालताना, दिवसातून पन्नासदा. पोरीनं सूचना दिली होती, नेमकी, शब्द हातात ठेवून. आणि मुतर्जिमसाहेबांनी ती हळवेपणा समजून उडवून लावली होती. एका शब्दाचे दोन अर्थ. तो थांब म्हटल्यावर थांबत होता. मी बस म्हणून ओरडत होतो आणि तो ऐकत होता. जितकं ओरडलो तितकं जास्त ऐकत होता. ऐकल्याबद्दल मारलं. जागचा हलत नव्हता, कारण हलू नको असं मीच सांगत होतो, छडी हाणताना सुद्धा. म्हातारीचा वचक कसला, तिच्या नावातच तो शब्द होता. हे सगळं एकापाठोपाठ एक त्यांच्या डोक्यात येत गेलं, आणि त्यांना खाली बसावंसं वाटलं. पण पाय वाकेनात.

‘ऐकतो की,’ जानकीबाई मध्येच म्हणाल्या. नवऱ्याची बाजू सावरायची त्यांना सवय होती. पण भीमसेनरावांच्या तोंडून निघूनच गेलं. ‘मैं मारता था इसको.’

‘कायकू?’

‘बस म्हणलं तर बसत नव्हता म्हणून.’

खाजाबीला आधी कळलं नाही. मग कळलं आणि ती खळखळून हसली, ओढणी तोंडावर धरून हसली. ‘अल्ला! अब्बा सुनते तो...’ हसतहसतच तिनं मुश्कीच्या पाठीवरून हात फिरवला. कारवानी कुत्र्याचे केस आखूड असतात, अंगावरचं काही लपत नाही. हात पाठीच्या मध्यावर थांबला, मागं आला, पुन्हा तिथंच गेला. तिचं हसणं संपलं. जानकीबाईंनी आणलेला चहा तिनं घेतला, पण अर्धा ठेवला. निघताना भीमसेनरावांना तिनं सलाम केला, तो त्यांच्या वयाला होता. तिच्यामागं मुश्की गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तिथं ती त्याला काहीतरी म्हणाली आणि तो एकटाच परत आला.

बसम्माचा प्रश्न त्या संध्याकाळीच मिटला. ‘बैठो’ म्हटलं की मुश्की बसायचा. म्हातारीनं दोनदा करून पाहिलं आणि तिला तो खेळच आवडला. अमावास्या आली आणि गेली. आता कुत्रं घरात राहणार होतं, आणि भीमसेनरावांचा खरा प्रश्न तिथून सुरू झाला, कारण मुश्की त्यांच्याजवळ येत नव्हता. छडी त्यांनी चुलीत घातली. रोज संध्याकाळी भाकरीचा तुकडा घेऊन ते अंगणातल्या पायरीवर बसायचे आणि ‘आओ’ म्हणायचे. मुश्की यायचा, हाताच्या अंतरावर थांबायचा, मान लांबवून तुकडा घ्यायचा. मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत दूरच ठेवायचा. तुकडा संपला की जायचा. बैठो म्हटलं असतं तर बसलाही असता, पण तसं बसवायचं नव्हतं. त्यांना आयुष्यात दुसरं काही फारसं नको होतं त्या दिवसांत. या मुक्या जीवानं हाक न मारता, तुकडा न दाखवता, नुसतं आपलं आपण यावं आणि जवळ टेकावं. एवढं मिळालं तर आपण केलं ते पुसलं जाईल असं नाही, हेही त्यांना कळत होतं. तरी हवं होतं.

आणि तो शब्द. महबूबसाबांनी ज्या शब्दात नुसतं ‘थांब’ भरलं होतं त्यात आता छडी भरली होती. दूधवालीला जानकीबाई सवयीनं ‘बस, बस’ म्हणायच्या आणि तिकडं न्हाणीच्या कोपऱ्यात मुश्की ताठ होऊन कापायला लागायचा. म्हणून भीमसेनरावांनी घरात तो शब्दच बंद केला. आता, मराठी माणसाच्या घरात हा शब्द बंद करणं म्हणजे काय दिव्य आहे ते करून बघावं. वाढताना पुरे म्हणायचं, दुधाला झालं म्हणायचं; पण पाहुण्याला काय म्हणायचं? ‘या, टेका,’ असं ते म्हणायला लागले. लोक एकमेकांकडं बघायचे. भीमसेनरावांचं डोकं कागद वाचून फिरलं, अशी कुजबुज झाली. जानकीबाईंना पहिल्यांदा हसू आवरेना, आणि ते उंबऱ्यात उभे असताना त्या हसल्या, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. बोललं की बिघडेल अशी त्यांना भीती वाटली.

मग एका रविवारी सकाळी गुंडेराव आले. जानकीबाई भाजीला गेल्या होत्या. मुश्की अंगणात उन्हाला पडला होता. ‘ये, टेक,’ भीमसेनराव म्हणाले.

‘टेक काय टेक? नीट बस म्हण की! मित्राला बस म्हणायला लाज वाटायलीय का?’ गुंडेरावांचा आवाज फौजदाराचा. अंगणात मुश्की ताडकन उठून उभा राहिला, ताठ. गुंडेरावांनी त्याच्याकडं बघितलं आणि हसून हातातली छडी नुसती वर केली, गंमत म्हणून. ‘अजून उभंच हाय व्हय हे?’

मुश्कीनं जानकीबाईंच्या स्वयंपाकघराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग तो पोट जमिनीला घासत, कडेकडेनं, भिंतीला धरून आला आणि भीमसेनरावांच्या पायांमागं शिरला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं आणि ती थरथर धोतरातून भीमसेनरावांच्या पोटरीला लागत होती. ज्यासाठी ते इतके दिवस पायरीवर बसत होते ते आता पायाशी होतं. हे प्रेम नव्हे, एवढं त्यांना लगेच कळलं. छडी उगारणाऱ्या दोघांपैकी आज ज्याच्या हातात ती नव्हती त्याच्याकडं तो आला होता.

‘बघ!’ गुंडेराव खूश झाले. ‘कुणाच्या पायाशी आलं? जेनं मारलं तेच्याच. माराचा गुण हाय ह्यो. अच्युतराव मास्तरनं आपल्याला मारलं म्हणून तर उर्दू आली तुला.’

‘न्हाई आली,’ भीमसेनराव म्हणाले.

‘आँ?’

‘मला उर्दू न्हाई आली, गुंडेराव. महबूबसाबाच्या पोरीनं दारात उभं राहून चार शब्द सांगितले, ते मला कळले न्हाईत. मी नुसता मार चुकवायला शिकलो. तू बी तेवढंच शिकलास.’ आपला आवाज चढलेला नाही याचं त्यांना नवल वाटलं. ‘ती छडी बाहेर ठिवून ये. चहा करतो.’

गुंडेराव क्षणभर त्यांच्याकडं आणि त्यांच्या पायांमागच्या त्या काळ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा पडला; एकदम तो चेहरा बिदरच्या बाकावरचा झाला आणि लगेच पुन्हा फौजदाराचा झाला. ‘फौजदाराला छडी बाहेर ठेव म्हणायलास. कुत्र्यापायी,’ ते म्हणाले, आणि चहा न घेता गेले. पुन्हा येतील की नाही, भीमसेनरावांना सांगता आलं नसतं. लहानपणापासूनचा तेवढा एकच मित्र होता.

घर शांत झालं. मुश्की आता निघून जाईल म्हणून ते वाट बघत होते. तो गेला नाही. थरथर कमी होत होत थांबली, मग एक लांब श्वास त्यांच्या पोटरीला लागला आणि पाठोपाठ वजन आलं. जनावरानं अंग सैल सोडलं होतं. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं भीमसेनरावांना इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. हात खाली जायलाही लागला. पण तो छडीसारखाच वरून येणारा हात होता. त्यांनी तो मागं घेतला, पाठीशी दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला, आणि पायाला मुंग्या आल्या तरी जानकीबाई भाजी घेऊन येईपर्यंत तसेच उभे राहिले.